भिंतीवरच्या बाईसाहेब

९ सप्टेंबर

प्रिय खारूताईस,

मामाचे आशीर्वाद. ते नेहमीचेच आहेत, म्हणून लगेच मुद्द्यावर येतो. माझी मेल कोणीतरी वाचतंय.

हे मेलवरच कळवलं असतं, पण चोराची तक्रार चोराच्याच हातात कशी द्यायची? फोन करायचा तर खाली करवती चालू असतात, धड काही ऐकू येत नाही. म्हणून कागद. कपाटातलं पेन झटकून झटकून लिहितोय.

तुला आधी कामाचं सांगतो. नव्या संगीत सभागृहाच्या सगळ्या खुर्च्या करायचं काम आपल्या कारखान्याकडे आलंय. भुशाची पोती उचलत या धंद्यात शिरलेल्या माणसाला याहून मोठं काम मिळायचं नाही. सभागृहाच्या व्यवस्थापकाची अट एकच, खुर्ची कुरकुरता कामा नये. गायकाने हळूच सूर लावावा आणि मागच्या रांगेतून खुर्चीने साथ द्यावी, असं त्याला नकोय. आपला नियम तुला ठाऊक आहे. एकेक खुर्ची मी मोगरीने ठोकतो, वर बसतो, डुलतो, कान लावतो, आणि मी ‘जाऊ दे’ म्हटल्याशिवाय ती पॉलिशला जात नाही. व्यवस्थापकाने काम दिलं ते या कानांच्या भरवशावर.

आता चोरीचं. दोन महिन्यांपूर्वी मी मोबाईलवर मेलचं नवीन ॲप घेतलं. फुकट आहे, रंगीत आहे, मेल आली की फूल उमलतं. त्यानंतर मला एक खाजगी मेल आली. कसली ते विचारू नकोस. ती मी वाचली, फोन खिशात टाकला, कोणाला चकार शब्द बोललो नाही. पण दुसऱ्याच दिवसापासून फोनवर त्याच विषयाच्या जाहिराती. आणि त्याहून वाईट म्हणजे घरदार माझ्याशी चांगलं वागायला लागलंय!

मिस्त्री, जो आयुष्यभर माझ्याकडे पाठ करून रंधा मारतामारता बोलला, तो हातातलं टाकून समोर येऊन उभा राहतो. पॉलिशवाली ताई, जिचं अर्धं बोलणं तिच्या पदरातच विरायचं, ती आता बातम्या वाचल्यासारखी बोलते. तुझी मामी कालपासून माझ्यावर एकदाही खेकसलेली नाही. सांग, माणसाने घाबरायचं नाही तर काय करायचं?

ही गोष्ट त्या व्यवस्थापकापर्यंत गेली तर माझी खुर्ची गेली म्हणून समज. तू त्या धंद्यातली आहेस. शोध.

तुझा
मामा


१४ सप्टेंबर

प्रिय मामा,

तुझं पत्र ऑफिसात आलं तेव्हा सगळे गोळा झाले होते. आमच्याकडे कागदावर फक्त कोर्टाच्या नोटिसा येतात.

आता नीट वाच. माझं काम म्हणजे मोबाईलवरच्या मेलच्या ॲपांतली भोकं शोधणं. दिवसभर मी चोरासारखा विचार करते आणि त्याचाच पगार घेते. तेव्हा तू योग्य ठिकाणी आलास.

पहिलं, तुझं ते फुलवालं ॲप. तू त्याला खात्याचा पासवर्ड दिलास. तो तुझ्या फोनात राहिला असं तुला वाटतं. या जातीची काही ॲपं तो उचलून स्वतःच्या घरी नेऊन ठेवतात. मग तुझी मेल आधी ते उघडतं, चाळतं आणि नंतर तुझ्यापुढे फूल उमलवतं. टपाल आणणाऱ्याने पाकीट फोडून वाचावं आणि वर ‘तुम्हाला अमुक औषध लागेल हो’ असं सुचवावं, तसला प्रकार. बेकायदा नाही. तू ‘मान्य आहे’ दाबलंस.

ते ॲप काढून टाक. नुसतं काढू नकोस, आधी खात्याच्या सेटिंगमध्ये जाऊन त्याची परवानगी रद्द कर, नाहीतर तू त्याला घराबाहेर काढशील आणि किल्ली त्याच्याकडेच राहील. पासवर्ड बदल. मेलमधली चित्रं आपोआप उघडू देऊ नकोस. काही कंपन्या टिंबाएवढं न दिसणारं चित्र पाठवतात, तू मेल उघडलीस की त्यांना तिकडे कळतं. आणि फोनला कुलूप असताना पडद्यावर मेलच्या दोन ओळी दिसतात ना, त्या बंद कर. शेजारी बसलेल्या माणसाला तेवढ्या पुरतात.

पण मामा, एक सांगू? ॲप जाहिराती दाखवेल. ते मिस्त्रीला जाऊन सांगणार नाही. म्हणजे भोकं दोन आहेत, आणि दुसरं तुझ्या घरात आहे.

तुझं खातं आणखी कुठे कुठे उघडं आहे ते आठवून लिही. जुना फोन, गल्ल्यावरचा संगणक, जे असेल ते. आणि तोवर मेलवर कामाशिवाय काही नको, कागदच बरा.

ती खाजगी गोष्ट मी विचारत नाही. सांगावीशी वाटली तर सांग.

तुझी
खारूताई

ता. क. पासवर्ड बदलताना पुन्हा मामीचं नाव ठेवू नकोस. ते पहिल्याच फटक्यात ओळखता येतं.


२० सप्टेंबर

प्रिय खारूताईस,

ॲपची परवानगी काढली, मग ॲप काढलं. चित्रं बंद केली. पडद्यावरच्या ओळी बंद केल्या. पासवर्डही बदलला. जाहिराती कमी झाल्या, तू हुशार आहेस हे तुझ्या आईला कळवतो.

पण दुसरं भोक उघडंच आहे. परवा मिस्त्री समोर येऊन उभा राहिला आणि म्हणाला, “मालक, उद्या अकराला जायचंय ना? मी गाडी काढतो.” कुठे जायचंय ते माझ्याशिवाय कोणाला माहीत नव्हतं. वेळ मलाही अर्ध्या तासापूर्वीच मेलने कळली होती. मी विचारलं, “तुला कोणी सांगितलं?” तर म्हणे, “अंदाज.” अंदाजाने कोणी अकरा सांगतं का?

आता तुला सांगूनच टाकतो, नाहीतर तू आंधळ्यासारखी शोधत बसशील. ते जायचं होतं कानाच्या डॉक्टरकडे. खारे, माझे बारीक आवाज गेले. जाड आवाज शाबूत आहेत. मोगरी पडली की सांधा ढिला आहे की घट्ट ते मला आजही कळतं, ते तर हातालाही कळतं. पण उंच, पातळ असं जे काही असतं ना, पाखरं, शिट्टी, चमचा पडल्याचा आवाज, ते माझ्यासाठी संपलंय. डॉक्टरच्या अहवालात तसा आलेखच आहे, डावीकडून बरा चालतो आणि उजवीकडे दरीत पडतो. डॉक्टर म्हणतो यंत्र लावा. मी म्हटलं, लावलं असतं हो, पण कानाला यंत्र लावलेल्या माणसाने ‘ही खुर्ची कुरकुरत नाही’ म्हटलं तर ऐकणारा हसेल की नाही? माझा धंदा या दोन कानांवर उभा आहे.

तरी घाबरू नकोस. डॉक्टरने ताकदीच्या गोळ्या दिल्यात आणि गुण येतोय. खोटं नाही सांगत. हल्ली मला माणसांचं बोलणं पूर्वीपेक्षा स्वच्छ ऐकू येतं. मिस्त्रीचा शब्दन् शब्द कळतो. मामीला ‘काय?’ म्हणायची वेळ येत नाही. यंत्राशिवाय भागेल असं दिसतंय.

तू विचारलंस ते. जुना फोन मेलेला आहे, खणात पडलाय. गल्ल्यावरचा संगणक रोज बंद करून जातो. आणि राहता राहिल्या बाईसाहेब. त्या तुला माहीत नाहीत. सरस लावताना कारागिरांचे हात बरबटलेले असतात, फोनला कोण हात लावणार? म्हणून मीच एक जुना टॅब सरसाच्या खोलीत भिंतीवर ठोकला होता. मेल आली की तो बाईच्या आवाजात मोठ्याने वाचून दाखवायचा. “प्रेषक अमुक, विषय, जेवणाच्या टेबलाच्या सहा खुर्च्या.” सगळे त्याला बाईसाहेब म्हणतात. पण त्या उन्हाळ्यापासून गप्प आहेत. काच सरसाने माखलीय, चालू की बंद तेही दिसत नाही. कोणी तक्रार केली नाही, मीही दुरुस्तीला दिल्या नाहीत. नाहीतरी हल्ली मी ऑर्डर सांगायला आत गेलो की यांना ती आधीच माहीत असते. कारखाना हुशार झालाय.

तेव्हा त्या सोडून दे. माणूस शोध.

मामा


२६ सप्टेंबर

प्रिय मामा,

कानाचं वाचलं. मला फोनवर तुझा आवाज गेले काही महिने मोठा मोठा का होत होता ते आत्ता कळलं. मी समजत होते तू माझ्यावर चिडलास. यंत्रावरून आपण नंतर भांडू. एवढंच सांगते, माझा चष्मा जाड आहे आणि तरी मला भोकं शोधायच्या नोकरीवर ठेवलंय.

आता माणसाचं. आमच्याकडे एक जुनी युक्ती आहे. बातमी कुठून फुटते ते कळत नसेल तर एक बातमी स्वतः तयार करायची, जी जगात फक्त एका जागी आहे, आणि ती कुठे बाहेर पडते ते बघायचं. तुझ्या खात्यावर मी सोमवारी दुपारी एक मेल टाकेन. त्यात धडधडीत खोटं असेल. तू वाच, काही उत्तर देऊ नकोस, कोणाशी बोलू नकोस. नुसता बघत बस.

माझा संशय मामीवर आहे. तुझा फोन तू झोपताना तिच्याच बाजूला ठेवतोस आणि उघडायचा आकडा तुझ्या लग्नाची तारीख आहे. नाही म्हणू नकोस.

खारूताई


५ ऑक्टोबर

प्रिय खारूताईस,

सोमवारी दुपारी तुझी मेल आली. मी वर जेवत होतो. वाचून ठसका लागला. ‘मामा, पुढच्या महिन्यात येते ती माझा पोपट घेऊन येते. नाव वकील. त्याला बसायला गोल दांडी लागते, चौकोनीवर तो बसत नाही.’ मी फोन खिशात घातला, वरणभात संपवला, मामीकडे चोरून पाहिलं. तिचा चेहरा कोरा. फोन त्यानंतर माझ्या खिशातून निघाला नाही. रात्री उशीखाली. तुझा संशय हरला, मामी निर्दोष सुटली.

बुधवारी सकाळी खाली उतरलो. माझ्या टेबलावर सागवानाची दांडी! खाली जड बैठक, दोन्ही टोकांना वाटी बसवायला खाचा, आणि दांडी अशी गोल की हात फिरवत राहावा. पॉलिशवाली ताई समोर येऊन बातम्यांच्या आवाजात म्हणाली, “मालक, पॉलिश नुसतं मेणाचं केलंय. पोपटाच्या पायाला बाधायला नको.”

मी विचारलं, “कोणता पोपट?”

तिने मिस्त्रीकडे बघितलं. मिस्त्रीने छताकडे. छतावर काय होतं देव जाणे. मग तो म्हणाला, “असाच. कोणाकडे असतो एखादा. लाकूड उरलं होतं.”

खारे, हा माणूस माझ्याबरोबर भाड्याच्या पडवीपासून आहे. माझ्या पहिल्या खुर्चीचा डावा हात त्याने केलाय. आणि तो माझ्या खिशात हात घालतो? कसा घालतो ते मला कळत नाही, पण घालतो. तेव्हा त्याला माझ्या कानाचं माहीत आहे. त्याने मनात आणलं तर व्यवस्थापकाला एका वाक्यात सांगेल, ‘मालकांना ऐकू येत नाही, खुर्च्या आता मी बघतो.’ तसं चूक काय म्हणेल?

पुढच्या महिन्यात खुर्च्या निघतायत. त्या निघाल्या की मी त्याच्याकडून कारखान्याच्या किल्ल्या मागणार आहे. कारण विचारलं तर म्हणेन, अंदाज.

जेवण जात नाही. दांडी मात्र सुरेख झालीय.

मामा


११ ऑक्टोबर

लाडके,

तुझं पत्र मिळालं. ‘मामी, बाईसाहेब खरंच बंद आहेत का?’ एवढं एकच वाक्य लिहायला तू पाकीट, तिकीट, सगळं खर्चलंस! पण मेलवर विचारलं नाहीस ते बरं केलंस. बाईसाहेबांनी स्वतःच वाचून दाखवलं असतं.

कसल्या बंद? दिवसभर बडबडत असतात. आवाज काय पातळ आहे, जिन्यापर्यंत येतो. तुझ्या मामांना तेवढा ऐकू येत नाही. त्यांच्यासमोर, अगदी त्या भिंतीखाली उभे असताना, बाईसाहेब बोलल्यात आणि हे तिथेच उभं राहून म्हणाले, “यांना एकदा दुरुस्तीला द्यायला हवं.” सगळ्यांनी माना खाली घातल्या.

ती डॉक्टरची मेल आली तेव्हा हे वर पेपर वाचत होते. खाली खोलीभर माणसं सरस लावत होती. मिस्त्रीने मला नंतर सांगितलं. बाईसाहेब म्हणाल्या, “प्रेषक, कानाचे डॉक्टर. विषय, आपला अहवाल.” मिस्त्री धावला बंद करायला, पण हात बरबटलेले, काच माखलेली, बटण दाबलं तर दाबलंच जाईना. तोवर तिने शेवटापर्यंत वाचलं, खालचा फोन नंबरसुद्धा. सरस भांड्यात गार झाला. मग मिस्त्री म्हणाला, “हे आपण ऐकलेलं नाही. पण इथून पुढे मालकांशी समोर येऊन बोलायचं, तोंड झाकायचं नाही, आणि सावकाश.” बस. तेवढंच. तुझे मामा समजतात गोळ्यांनी गुण आला. त्या गोळ्या रक्तवाढीच्या आहेत गं, मी पण त्याच घेते.

आणि एक. मामा ‘जाऊ दे’ म्हणतात ती खुर्ची पॉलिशला जाते ना, तिथे ताई तिच्यावर पुन्हा बसते. तिचे कान मांजराचे आहेत. बारीक कुरकुरली की मिस्त्री ती संध्याकाळी, हे वर आल्यावर, उघडतो आणि सांधा नव्याने बसवतो. अशा थोड्याच निघाल्या. मालकांचं नाव जाता कामा नये, असं त्या दोघांचं ठरलंय.

मला कधीपासून माहीत होतं विचारशील. टीव्हीचा आवाज वाढत वाढत शेजाऱ्यांनी आपला लावायचा सोडला तेव्हापासून. मी वाट बघत होते, हे स्वतःहून सांगतील म्हणून. अजून बघतेय.

त्यांना सांगू नकोस. लाजेने अर्धे होतील.

तुझी
मामी


१५ ऑक्टोबर

प्रिय मामा,

मामीने मला सांगू नकोस म्हटलं होतं. मी तिला कळवलंय की मी सांगणार आहे. माझ्या धंद्यात एक गोष्ट मी मोडत नाही. मेल ज्याची, ती कोण वाचतंय हे कळायचा हक्कही त्याचाच. वाचणारी माणसं कितीही चांगली असली तरी.

मिस्त्रीकडून किल्ल्या मागू नकोस. आधी हे कर. दुपारी सगळे जेवायला गेले की सरसाच्या खोलीत जा. भिंतीवरच्या टॅबच्या मागे बोटं घालून तळहात पाठीला टेकव. दुसऱ्या हाताने स्वतःलाच एक मेल पाठव, काहीही लिही. मग डोळे मीट आणि थांब. तुझ्या हाताला सांधा कळतो म्हणालास ना? हेही कळेल.

चूक माझी झाली. तू बंद म्हणालास आणि मी मानलं. यंत्र बंद आहे का हे मालकाला विचारायचं नसतं, यंत्रालाच विचारायचं असतं. नव्या मुलांना हे मीच शिकवते. मेल तुझ्या खिशात नसते रे मामा. ती दूर कुठेतरी असते आणि जिथे जिथे तू एकदा दार उघडून दिलंस तिथे तिथे पोचते. फोन बदलला, ॲप काढलं, म्हणून भिंतीवरचं दार लागत नाही.

ते दार लावायला एक बोट पुरतं. खात्याच्या सेटिंगमध्ये ‘सुरू असलेली उपकरणं’ दिसतील, त्यात टॅब निवड आणि बाहेर काढ. पण ते तू कर, तुझ्या मनाने. मी केलं तर मीही दुसऱ्याच्या खिशात हात घालणारीच झाले.

आणि हो, पासवर्ड बदलला असतास तर बाईसाहेब त्याच दिवशी गप्प झाल्या असत्या. म्हणजे बदललाच नाहीस. पकडला गेलास.

खालून वर आलास की कोणावर रागवू नकोस. निदान चहा होईपर्यंत.

खारूताई


९ नोव्हेंबर

प्रिय खारूताईस,

इतके दिवस उत्तर नाही म्हणून तू काळजीत असशील. मामीने दोन ओळी टाकल्या असतीलच.

तू सांगितलंस तसं केलं. स्वतःला मेल पाठवली. काय लिहावं सुचेना, म्हणून लिहिलं, ‘बाईसाहेब, आहात का?’ डोळे मिटले. आणि तळहाताखाली ते लाकूड, म्हणजे तो टॅब, मधमाश्यांच्या पोळ्यासारखा गुणगुणायला लागला. खोलीत माझ्यासाठी संपूर्ण शांतता आणि हातात ती बाई बोलतेय. थांबली. मी हात काढला नाही. मागे वळलो तर दारात मिस्त्री, हातात डबा तसाच.

तो समोर येऊन उभा राहिला. सावकाश, तोंड न झाकता म्हणाला, “त्या म्हणाल्या, बाईसाहेब, आहात का.”

मी म्हटलं, “आणि तू काय म्हणतोस?”

“मी म्हणतो, आहोत.”

मला राग आला होता, खोटं कशाला बोलू? इतके दिवस सगळा कारखाना मला सांभाळून घेतोय आणि मी ऐटीत ‘जाऊ दे, जाऊ दे’ करत फिरतोय! मी वर गेलो आणि मामीला म्हटलं, “मला ऐकू येत नाही.” ती म्हणाली, “सांगितलंत एकदाचं!” आणि चहा ठेवला. चहा होईपर्यंत थांब म्हणालीस ते चांगलं होतं. त्यानंतर रागवायला काही उरलं नाही.

दुसऱ्या दिवशी ताईला विचारलं, “माझ्यानंतर किती परत पाठवल्यास?” ती म्हणाली, “मोगरीने कळणारी एकही नाही, मालक. नुसत्या बसल्यावर कुरकुरणाऱ्या. मूठभर.” त्या एका वाक्यावर मी आणखी दहा वर्षं काढीन.

यंत्र लावलं. दोन्ही कानांना. पहिला दिवस म्हणजे छळ. कागदाचा आवाज होतो हे मी विसरलोच होतो. वर्तमानपत्र उघडलं तर कोणीतरी पत्रा फाडतंय असं वाटलं. मामीच्या बांगड्या वाजतात. जिन्याची चौथी पायरी कुरकुरते, आणि हा कारखाना म्हणे खुर्च्या करतो! ती आधी दुरुस्त केली.

मग बाईसाहेब ऐकल्या. काय तो आवाज गं, नाकातून बोलल्यासारखा! आणि या आवाजासमोर मी दिवसभर बेफिकीर वावरत होतो.

बाकी सगळं लावून घेतलंय. तुझ्या त्या यादीत गेलो, टॅबवर बोट ठेवलं, बाईसाहेबांना माझ्या खात्यातून बाहेर काढलं. त्यांना वेगळं खातं उघडून दिलं, तिथे फक्त ऑर्डरी येतील. माझी मेल माझ्या फोनवर. नवा पासवर्ड लांब आहे, त्यात मामी नाही. आधीचा का बदलत नव्हतो ते तू ओळखलंच असशील, तिचं माहेरचं लाडाचं नाव होतं ते, मीच फक्त टाईप करायचो. आता दोन कुलपं आहेत, पासवर्ड आणि मग फोनवर येणारा आकडा. फोन उघडायचा आकडाही बदललाय. मामी म्हणते, लग्नाची तारीख काढलीत, आता विसरलात तर बघा.

एक नियमही बदलला. आता मी मोगरी मारतो, ताई बसून डुलते, आणि दोघांनी मिळून ‘जाऊ दे’ म्हटल्यावरच खुर्ची पॉलिशला. किल्ल्या मिस्त्रीकडेच आहेत. तो अंदाजाने उघडतो.

खुर्च्या बघायला व्यवस्थापक स्वतः आला. मी यंत्र लपवलं नाही, केस कापून घेतले होते. त्याने आधी माझ्या कानांकडे बघितलं, मग खुर्च्यांकडे, मग पुन्हा कानांकडे. मी म्हटलं, “बसा. एकेकीवर बसा आणि डुला.” तो रांगेने बसत गेला. मधल्या रांगेत बारीकसं ‘कुर्र’ झालं. त्याचा चेहरा बदलला. मिस्त्री पांढरा पडला. ताईने तोंड उघडलं, पण तिच्याआधी मी म्हटलं, “खुर्ची नाही साहेब. तुमचा उजवा बूट.” त्याने पाय हलवला. कुर्र. हसतहसतच त्याने काम पसंत केलं. खुर्च्या परवा गेल्या.

तेव्हा तू आता ये. दांडी तयार आहे. पोपट खोटा होता हे मी इथे कोणाला सांगितलेलं नाही. ताईने त्याच्यासाठी वाट्या आणल्यात, तू काय करायचं ते तुझं तू बघ.

आणि शेवटचं. काल संध्याकाळी मी जिन्यावर बसून बाईसाहेबांच्या नव्या पत्त्यावर एक मेल पाठवली. मला समोर उभं राहून बोलता आलं नसतं. खालून आवाज आला, नाकातला, एकसुरी. “प्रेषक, मालक. विषय, कान. मजकूर. तुम्ही सगळ्यांनी मला जे ऐकवलं नाही, ते मी ऐकलं. आता समोर येऊन, सावकाश बोलायची गरज नाही. पाठ करून रंधा मारत बोललात तरी चालेल. काम झाल्यावर वर या, मामी सगळ्यांना जेवायला वाढणार आहे.”

मग खाली मिस्त्री, भिंतीकडे तोंड करून, पूर्वीसारखा पुटपुटला, “मेलो. आता मालकांबद्दल जपून बोलायला हवं.”

मी जिन्यावरून म्हटलं, “ऐकलं!”

तुझा
मामा